चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला: गेमिंग कॉम्प्युटर की कन्सोल?

 

विनिपेगमध्ये नोव्हेंबर लागला, पोर्टेज अव्हेन्यूवर बर्फ साचू लागला, की आपल्या घराघरांत एक वाद सुरू होतो. ब्लॅक फ्रायडे जवळ आलेला असतो, मागोमाग ख्रिसमस आणि बॉक्सिंग डे. मुलगा किंवा मुलगी म्हणते, "बाबा, प्लेस्टेशन घेऊया." बाबा म्हणतात, "त्यापेक्षा चांगला कॉम्प्युटर घेऊ, अभ्यासालाही होईल." आई दोन्हीच्या किमती बघते, मनातल्या मनात त्याचे रुपये करते आणि म्हणते, "काहीच नको, बाहेर जाऊन बर्फात खेळा." बाहेर उणे पंचवीस असतं, त्यामुळे तो पर्याय फार टिकत नाही.

या वादात किमतीइतकाच वाटा इतिहासाचा आहे, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. कॉम्प्युटर परवडतो आणि कन्सोल ही श्रीमंतांची चैन, हे मत आई-बाबांनी पुण्या-मुंबईत, नाशकात, नागपुरात, कोल्हापुरात मोठं होताना बनवलं. मुलाचं मत बनलं ते इथल्या शाळेत, मित्रांच्या बेसमेंटमध्ये बसून. म्हणजे एकाच टेबलाशी दोन वेगळे इतिहास बसलेले असतात. आजच्या भागात हे दोन्ही इतिहास पाहू, आणि शेवटी विनिपेगच्या भावाने, करासकट हिशोबही मांडू.

सुरुवात करू कॅनडापासून. १९७७ मध्ये अमेरिकेत अटारी कंपनीचा घरगुती व्हिडिओ गेम बाजारात आला. किंमत सुमारे २०० अमेरिकी डॉलर. टीव्हीला जोडायचा, वर काडतूस, म्हणजे कार्ट्रिज, खोचायचं आणि खेळायचं. नवा खेळ हवा तर नवं कार्ट्रिज विकत घ्यायचं. त्याच सुमारास घरगुती कॉम्प्युटरही येत होते, आणि त्यात एक नाव होतं कमोडोर. ही कंपनी १९५० च्या दशकात टोरंटोत वाढली ती टाइपरायटरच्या धंद्यावर. संस्थापक जॅक ट्रॅमिएल हे पोलंडमधले, ऑशविट्झच्या छळछावणीतून वाचलेले गृहस्थ. तेही स्थलांतरितच. टाइपरायटरवरून ते कॅल्क्युलेटरकडे वळले आणि तिथून कॉम्प्युटरकडे.

१९८१ मध्ये कमोडोरने व्हिक-२० हा कॉम्प्युटर ३०० डॉलरच्या आत आणला. त्याच्या जाहिरातीत विल्यम शॅटनर होते, 'स्टार ट्रेक'मधले कॅप्टन कर्क, आणि तेही आपल्या कॅनडातले, मॉन्ट्रियलचे. जाहिरातीचा मुद्दा सरळ होता: नुसता व्हिडिओ गेम कशाला घेता? त्याच पैशांत कॉम्प्युटर मिळतो, त्यावर खेळताही येतं आणि शिकताही येतं. म्हणजे आपल्या घरातले बाबा आज जे म्हणतात, ते चाळीस वर्षांपूर्वीच टीव्हीवर सांगून झालं आहे! आणि लोकांना ते पटलंही. व्हिक-२० हा दहा लाखांवर खपलेला पहिला कॉम्प्युटर ठरला. १९८२ मध्ये त्याचा मोठा भाऊ आला, कमोडोर ६४. सुरुवातीची किंमत ५९५ डॉलर होती, पण किमतीचं युद्ध पेटलं आणि वर्षभरात ती निम्म्याच्याही खाली आली.

याच काळात व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला. कोणीही उठावं आणि अटारीसाठी कार्ट्रिज काढावं, असं झालं होतं. दुकानं भिकार खेळांनी भरली आणि गिऱ्हाईक उठून गेलं. उत्तर अमेरिकेतली या धंद्याची उलाढाल १९८३ मध्ये सुमारे तीन अब्ज डॉलर होती. १९८५ पर्यंत ती दहा कोटींच्या घरात घसरली. त्या घडीला कोणालाही वाटलं असतं की कन्सोल संपला, आता राज्य कॉम्प्युटरचं.

पण जपानमध्ये निन्टेंडोने जुलै १९८३ मध्ये फॅमिकॉम आणला होता, १४,८०० येनला. १९८५ मध्ये तोच खेळ नव्या डब्यात अमेरिकेत आला. अटारीच्या पडझडीतून निन्टेंडो एक धडा शिकली होती. यंत्रात कुलूप बसवायचं. आपली परवानगी असेल तोच खेळ त्यात चालेल. कार्ट्रिज आपणच बनवायचं, आणि दुसऱ्या कंपन्यांनी वर्षाला पाचच खेळ काढायचे. प्रत्येक कार्ट्रिजमागे पैसे निन्टेंडोला.

इथे आपली जुनी म्हण चपखल बसते: चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. यंत्र स्वस्तात द्यायचं आणि कमाई खेळांवर करायची. पुढे सोनीने आणि मायक्रोसॉफ्टने हाच मार्ग धरला. सर्वांत ठळक उदाहरण २००६ चं. सोनीचं प्लेस्टेशन ३, साठ जीबीचं, अमेरिकेत ६०० डॉलरला विकलं जात होतं, आणि त्या वेळी बाजार-विश्लेषकांनी ते उघडून अंदाज बांधला की ते बनवायलाच सुमारे ८४० डॉलर लागतात. म्हणजे प्रत्येक यंत्रामागे कंपनी दोन-अडीचशे डॉलर पदरचे घालत होती. ते वसूल कसे व्हायचे? खेळ विकणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून हिस्सा घेऊन. हा हिस्सा साधारण ३० टक्के असतो. कॉम्प्युटरचं तसं नाही. ग्राफिक्स कार्ड एका कंपनीचं, मदरबोर्ड दुसरीचा, डबा तिसरीचा. त्यातली एकही कंपनी तुम्ही पुढे कोणता खेळ घेणार यावर पैसे मिळवत नाही. म्हणून तिला नफा आजच, त्या भागाच्या किमतीत घ्यावा लागतो. कोंबडी पूर्ण भावाची, मसाला मात्र पाहिजे त्या दुकानातून घ्या.

कन्सोल सुरुवातीला स्वस्त का आणि कॉम्प्युटर महाग का, याचं उत्तर एवढंच आहे. आता प्रश्न असा की हाच हिशोब भारतात उलटा कसा झाला?

त्याचं पहिलं कारण आयात शुल्क. १९९१ पर्यंत परदेशी वस्तूंवर भारतात जबर कर होता. उदारीकरणाच्या त्या वर्षी सर्वांत वरचा दर खाली आणून १५० टक्के करण्यात आला. खाली आणून दीडशे! तेव्हा परदेशी खेळण्याची काय कथा? १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने ब्रिटनच्या स्पेक्ट्रम कॉम्प्युटरची परवान्याने बनवलेली भारतीय आवृत्ती आणली. घरचा टीव्ही हाच त्याचा पडदा, आणि खेळ कॅसेटवरून टेपरेकॉर्डरने चढवायचे. कॅसेट चिरचिरत राहायची आणि मिनिटं मोजत बसावं लागायचं. ही यंत्रं काही हजार खपली, पण सामान्य नोकरदाराच्या घरात ती पोचली नाहीत.

तिथे पोचला तो 'टीव्ही गेम'. सामुराई, मीडिया अशा नावांची ती यंत्रं तुमच्यापैकी अनेकांना आठवत असतील. त्यातली बरीचशी निन्टेंडोच्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. पिवळं कार्ट्रिज, त्यावर '९९९९ इन १' असं छापलेलं, आणि आत प्रत्यक्षात आठ-दहाच खेळ निरनिराळ्या नावांनी. मारिओ, कॉन्ट्रा, बदकांवर बंदूक रोखायचा खेळ. उन्हाळ्याच्या सुट्टीत गल्लीत कोणाकडे तरी एक असायचा, आणि काही दुकानांत तो भाड्यानेही मिळायचा. निन्टेंडोने जे कुलूप घातलं होतं, ते या नकलांत नव्हतंच. म्हणून मसाला आपल्याकडे जवळजवळ फुकट होता.

पण अडचण वेगळीच होती. घरात टीव्ही एकच. त्यावर आजोबांच्या बातम्या, आईची मालिका, बाबांची क्रिकेटची मॅच. खेळाला मिळायची ती उरलेली वेळ, आणि वर "पडदा खराब होतो" हा ठपका. कन्सोलला टीव्ही लागतो आणि टीव्ही सगळ्या घराचा असतो, ही गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची ठरली.

दुसरं वळण १९९७ मध्ये आलं. डिसेंबर १९९६ मध्ये सिंगापूरला जागतिक व्यापार संघटनेच्या परिषदेत माहिती तंत्रज्ञान करार झाला. कॉम्प्युटर आणि त्याचे सुटे भाग यांवरचं आयात शुल्क सहभागी देशांनी शून्यावर आणायचं, असं त्यात ठरलं. कॅनडा यात पहिल्यापासून होता. भारत १९९७ मध्ये सामील झाला आणि २००५ पर्यंत शुल्क उतरवत नेलं. या यादीत प्रोसेसर होता, मेमरी होती, हार्ड डिस्क होती. व्हिडिओ गेम कन्सोल मात्र नव्हता, कारण कस्टमच्या पुस्तकात तो कॉम्प्युटरच्या शेजारी बसत नाही. तो बसतो खेळणी, पत्ते आणि बिलियर्डच्या टेबलाच्या पंगतीत. आतली चिप तीच असली, तरी एक 'ज्ञानाचं साधन' आणि दुसरं 'करमणूक'. सरकारी वही आणि आपले आई-वडील यांचं इथे तंतोतंत एकमत होतं!

या एका नोंदीमुळे आपली अख्खी पिढी कॉम्प्युटरकडे वळली. मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, आणि पुण्यात तपकीर गल्ली. या ठिकाणी जायचं, कागदावर भागांची यादी घेऊन चार दुकानांत भाव विचारायचे, आणि ओळखीच्या माणसाकडून 'असेंबल्ड' कॉम्प्युटर जुळवून घ्यायचा. ब्रँडेड मशीनपेक्षा तो कितीतरी स्वस्त पडे. आणि त्याला निमित्त होतंच. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगावी पोचला. कॉम्प्युटर येणं ही नोकरीची पहिली पायरी मानली जाऊ लागली. मग कर्ज काढून, भिशीच्या पैशांतून, दिवाळीच्या बोनसमधून कॉम्प्युटर घरात आला. आला तो अभ्यासाला. रात्री त्यावर रोड रॅश, एज ऑफ एम्पायर्स आणि व्हाइस सिटी चालायचं, ही गोष्ट वेगळी.

ज्यांच्या घरी तो नव्हता, त्यांना सायबर कॅफे होता. तासाला दहा-वीस रुपये द्यायचे, आठ-दहा मित्रांनी ओळीने बसायचं आणि एकाच नेटवर्कवर काउंटर-स्ट्राइक खेळायचं. भांडवल शून्य. सहामाही परीक्षेच्या आदल्या दिवशी कॅफेत पकडले गेलेले अनेक जण आज या देशात इंजिनीअर आहेत.

एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. त्या काळी खेळासाठी पैसे देणारे थोडे होते. बाजारात पन्नास-शंभर रुपयांना चोरीची सीडी मिळायची, आणि एकाची सीडी अख्ख्या वर्गात फिरायची. परदेशातल्या किमती आपल्या पगारांना झेपणाऱ्या नव्हत्या हे खरं, पण 'कॉम्प्युटरवर खेळ फुकट असतात' ही आपली समजूत त्यातून आली हेही खरं.

कन्सोल रीतसर आले ते उशिरा. सप्टेंबर २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने भारतात एक्सबॉक्स ३६० आणला. साधं मॉडेल १९,९९० रुपयांना आणि वरचं २३,९९० ला. जाहिरातीला अक्षय कुमार आणि युवराज सिंग होते. एप्रिल २००७ मध्ये प्लेस्टेशन ३ आलं ते ३९,९९० रुपयांना. तेवढ्या पैशांत खेळ चालेल असा असेंबल्ड कॉम्प्युटर येई आणि वर पैसे उरत. पुढेही सरकारी वहीने कन्सोलकडे करमणूक म्हणूनच पाहिलं. जुलै २०१७ मध्ये भारतात जीएसटी आला तेव्हा कन्सोलवर २८ टक्के आणि कॉम्प्युटरवर १८ टक्के कर लागला. २०१८ च्या अर्थसंकल्पात कन्सोलवरचं आयात शुल्क १० वरून २० टक्क्यांवर गेलं. जीएसटीतला तो फरक १ जानेवारी २०१९ पासून मिटला, कन्सोलही १८ टक्क्यांत आला.

आता हा सगळा हिशोब एकत्र करू. आपल्याकडे कॉम्प्युटर स्वस्त वाटायचा तो चार कारणांनी. एक, शुल्क कमी. दोन, खेळ फुकट. तीन, घरात टीव्ही एकच. चार, अभ्यास आणि करमणूक एकाच डब्यात. मंडळी, विमानात बसताना आपण लोणची-मसाल्यांबरोबर ही समजूतही बॅगेत भरून आणली. पण यातली किती कारणं इथे लागू पडतात?

पहिलं नाही. कॅनडात कन्सोल आणि कॉम्प्युटर यांच्यात तसा शुल्काचा भेद उरलेला नाही. २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कराराची यादी वाढवली, तेव्हा तिच्यात कन्सोलही आला. कॅनडा त्यात सामील झाला, भारत झाला नाही. दुकानात दोन्हींवर सारखाच कर लागतो: केंद्राचा जीएसटी ५ टक्के आणि मॅनिटोबाचा विक्री कर ७ टक्के, मिळून १२. उलट एकदा सवलत मिळाली ती कन्सोलला. १४ डिसेंबर २०२४ ते १५ फेब्रुवारी २०२५ या दोन महिन्यांत केंद्र सरकारने काही वस्तूंवरचा जीएसटी माफ केला, त्या यादीत मुलांचे कपडे, खेळणी, पुस्तकं यांच्याबरोबर कन्सोल, कंट्रोलर आणि डिस्कवरचे खेळ होते. कॉम्प्युटर नव्हता. म्हणजे 'खेळणं' या शिक्क्याने भारतात कर वाढला आणि कॅनडात माफ झाला!

दुसरं कारणही नाही. इथे खेळ विकत घ्यायचे असतात, आणि तेच योग्य. तिसरंही नाही, कारण बहुतेक घरांत बेसमेंटमध्ये दुसरा टीव्ही असतो. चौथं मात्र अजून थोडं खरं आहे. त्याकडे येऊच.

आधी इथल्या किमतींचा इतिहास. कॅनडात राहणाऱ्याला एक तिसरा खेळाडू सांभाळावा लागतो, तो म्हणजे आपला डॉलर. २०११ मध्ये कॅनडाचा डॉलर अमेरिकी डॉलरच्या बरोबरीला होता. तेव्हा इथे नवा खेळ ६० डॉलरला मिळायचा. प्लेस्टेशन ४ नोव्हेंबर २०१३ मध्ये ४०० डॉलरला आलं. पुढे डॉलर घसरला आणि २०१४ मध्येच त्याची किंमत ४५० झाली. जानेवारी २०१६ मध्ये आपला डॉलर सत्तर अमेरिकी सेंटच्याही खाली गेला, आणि नवे खेळ ८० डॉलरवर पोचले. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आलं, डिस्कवालं ६३० डॉलरला, आणि मोठे खेळ झाले ९० डॉलर. ऑगस्ट २०२२ मध्ये ते यंत्र ६५० वर गेलं. निन्टेंडोचा स्विच २०१७ मध्ये ४०० ला आला होता. स्विच २ जून २०२५ मध्ये आला तो ६३० ला.

इथे एक जुना नियम मोडलेला दिसेल. पूर्वी कन्सोल जुना झाला की स्वस्त व्हायचा. प्लेस्टेशन २ हे अमेरिकेत २००० मध्ये ३०० डॉलरला आलं आणि २००९ मध्ये १०० ला मिळत होतं. "थांबू, भाव उतरेल" हे शहाणपण तेव्हा खरं होतं. आता वर्षं सरतात तसा भाव चढतो.

कॉम्प्युटरची बाजूही काही साळसूद नाही. ग्राफिक्स कार्ड हा त्यातला सगळ्यात महाग भाग. या धंद्यातही कॅनडाचं एक नाव आहे: एटीआय. १९८५ मध्ये टोरंटोजवळ ही कंपनी सुरू केली ती हाँगकाँगहून आलेल्या स्थलांतरितांनी. २००६ मध्ये अमेरिकेच्या एएमडीने ती ५.४ अब्ज अमेरिकी डॉलरला घेतली. एक्सबॉक्स ३६० मधली चित्रांची चिप एटीआयची, आणि प्लेस्टेशन ४ व ५ मधल्या चिपा एएमडीच्या. म्हणजे आज कन्सोल आणि कॉम्प्युटर ही आतून सख्खी भावंडं आहेत. पण २०२० ते २०२२ या काळात आभासी चलन खोदणाऱ्यांनी ग्राफिक्स कार्डं उचलली, महामारीने पुरवठा तुटला, आणि कार्डं छापील किमतीच्या दुपटीने विकली गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनाने आपली पद्धत बदलली आणि ती मागणी ओसरली. मग कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली, आणि २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव भडकले. कन्सोलचा भाव कंपनी ठरवते. कॉम्प्युटरचा भाव जगातल्या भलत्याच उलाढाली ठरवतात.

आता कागद-पेन्सिल घ्या. पाच वर्षांचा हिशोब करू. आकडे ढोबळ आहेत, तुम्ही तुमचे घाला.

कन्सोल ६५० डॉलरचा धरू. १२ टक्के कर लावून ७२८. खेळ: वर्षाला तीन नवे, म्हणजे पाच वर्षांत पंधरा, प्रत्येकी करासकट सुमारे १०१ डॉलर. झाले १,५१५. मित्रांबरोबर ऑनलाइन खेळण्यासाठी वर्गणी लागते. ही पद्धत मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये सुरू केली आणि सोनीने प्लेस्टेशन ४ पासून उचलली. वर्षाला सुमारे १०० डॉलर, म्हणजे पाच वर्षांचे ५००. एकूण सुमारे २,७४०.

कॉम्प्युटर बऱ्यापैकी चांगला, १,४०० चा. पडदा, कीबोर्ड, माउस मिळून ३००. करासकट १,९०४. खेळ पंधराच, पण कॉम्प्युटरवर सेल वारंवार लागतात. २००३ मध्ये स्टीम हे ऑनलाइन दुकान सुरू झालं आणि पुढे अशी अनेक दुकानं निघाली. स्पर्धा असल्यामुळे सहा महिने थांबणाऱ्याला खेळ ३० डॉलरलाही मिळतो. करासकट ३४ धरले तर पंधरा खेळांचे ५१०. ऑनलाइनची वर्गणी नाही. मध्ये एकदा एखादा भाग बदलावा लागेल, त्याचे करासकट ३३५ धरू. एकूण सुमारे २,७५०.

दहा डॉलरचा फरक! म्हणजे वर्षाला तीन खेळ घेणाऱ्या घरात दोन्ही बाजू बरोबरीत सुटतात. त्याहून जास्त घेणाऱ्याला कॉम्प्युटर स्वस्त, कमी घेणाऱ्याला कन्सोल. यंत्राची किंमत पाहून निर्णय घेऊ नये, तो यासाठी.

आता या हिशोबाला तीन फाटे. पहिला: तुमचं मूल फोर्टनाइटसारखे फुकटचेच खेळ खेळतं का? तशा खेळांना कन्सोलवरही सहसा वर्गणी लागत नाही. मग सामना ७२८ विरुद्ध १,९०४ असा होतो, आणि कन्सोल सरळ जिंकतो. मात्र या 'फुकट' खेळांत पोशाख आणि नाचाच्या अदा विकत मिळतात. तिथे बारा आण्याचा मसाला पुन्हा येतो, म्हणून क्रेडिट कार्ड यंत्रात साठवून ठेवू नका.

दुसरा: शाळेसाठी लॅपटॉप वेगळा घ्यावाच लागणार आहे का? तो करासकट ७८४ चा धरला, तर कन्सोल अधिक लॅपटॉप होतात १,५१२, आणि खेळाचा कॉम्प्युटर १,९०४. यंत्रांतला फरक चारशेच्या आत येतो. बाबांचं 'अभ्यासालाही होईल' हे म्हणणं इथे खरं ठरतं, आपल्या चार कारणांतलं चौथं ते हेच.

तिसरा: डिस्क. कन्सोलचा डिस्कवरचा खेळ खेळून झाला की विकता येतो, मित्राला देता येतो, जुना घेता येतो. कॅनडातल्या अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत असे खेळ घरी न्यायला मिळतात, आपल्या शाखेत विचारून बघा. कॉम्प्युटरचे खेळ खात्याला बांधलेले असतात, ते पुढे देता येत नाहीत. म्हणून थोडे पैसे जास्त पडले तरी डिस्कचा खाचा असलेलाच कन्सोल घ्यावा.

विजेचं काय, असं आजी-आजोबा विचारतील. मॅनिटोबा हायड्रोची वीज युनिटला दहा सेंटच्या आसपास पडते. रोज तीन तास खेळलं, तर पडद्यासह कॉम्प्युटरला वर्षाला साधारण ४४ डॉलर आणि टीव्हीसह कन्सोलला ३३. फरक दहा-अकरा डॉलरचा. आणि जानेवारीत त्या यंत्राची ऊब खोलीलाच मिळते, ती काही वाया जात नाही!

आता पैशात न मोजता येणारा खर्च. नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी हे विशेष. १९९८ मध्ये मॅनिटोबाची प्रांतीय नामांकन योजना सुरू झाली, तेव्हापासून आपल्यासारखी कितीतरी कुटुंबं थेट इथे उतरली. आठवीतलं मूल ऑगस्टमध्ये येतं, सप्टेंबरमध्ये नव्या शाळेत बसतं, आणि नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत बाहेर फारसं खेळता येत नाही. त्या पाच महिन्यांत मैत्री कुठे जुळते? बऱ्याचदा हेडफोन लावून, खेळताखेळता. सगळे मित्र एका कन्सोलवर असतील आणि तुमचं मूल एकटं कॉम्प्युटरवर, तर वाचवलेले दोनशे डॉलर फार महाग पडतात. आज बरेच खेळ दोन्हींवर मिळून खेळता येतात, पण सगळे नाही. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी मुलाला एवढंच विचारा: "तुझे मित्र कुठे खेळतात?"

दुसरी बाजूही आहे. कॉम्प्युटर उघडता येतो. त्यातला भाग बदलता येतो, तो बिघडतो आणि दुरुस्त करता येतो. तपकीर गल्लीत भाव करणाऱ्या पिढीला यंत्राची भीती वाटली नाही, ती यामुळे. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २०१८ मध्ये विनिपेगमध्ये स्टुडिओ काढायचं जाहीर केलं. खेळ बनवण्याची नोकरी आता याच शहरात आहे, आणि खेळ बनतात ते कॉम्प्युटरवर. मुलाला खेळण्यापलीकडे त्यात रस दिसत असेल, तर ते जास्तीचे पैसे खेळण्याच्या खात्यात धरू नका, शिक्षणाच्या खात्यात धरा.

आणि कन्सोलचीही एक बाजू. तो बैठकीच्या खोलीत असतो. पूर्वी एकाच टीव्हीमुळे आपल्याकडे भांडणं व्हायची, पण सगळे एका सतरंजीवर बसलेलेही असायचे. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजीच्या हातात कंट्रोलर देऊन नातवंडं तिला टेनिस खेळायला लावतात, हे बंद दाराआडच्या कॉम्प्युटरवर होत नाही.

तेव्हा मंडळी, यंदा वाद निघाला तर 'कोणतं स्वस्त' एवढ्यावर थांबू नका. वर्षाला किती खेळ घेणार, अभ्यासाचं यंत्र वेगळं लागणार का, मित्र कुठे आहेत, आणि ते यंत्र घरात कोणत्या खोलीत राहणार, हे चार प्रश्न मुलांना सोबत घेऊन सोडवा. हिशोब त्यांनाच मांडू द्या, १२ टक्के करासकट. आणि आई मनातल्या मनात रुपये करत असेल, तर करू द्या. ती सवय सुटायला वेळ लागतो, आणि तिने आजवर आपल्या घरांचं नुकसान केलेलं नाही.

पुढच्या भागात पुन्हा भेटू. रस्ते निसरडे आहेत, गाडी जपून चालवा. नमस्कार!